फोर्ट पडतो, कारण मागे फौज नसते
वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

'मीडिव्हल टू: टोटल वॉर' हा मध्ययुगातल्या राज्यांच्या लढायांचा, पाळीपाळीने खेळायचा गेम २००६ साली कॉम्प्युटरवर आला. एप्रिल २०२२ मध्ये तो फोनवर आला आणि नव्या खेळाडूंची पत्रं यायला लागली. मागच्या अंकात मी मिलान या इटलीतल्या राज्याच्या सुरुवातीच्या चालींबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त विचारणा फोर्टबद्दल, म्हणजे नकाशावर बांधता येणाऱ्या छोट्या किल्ल्याबद्दल आहे, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देते.

*प्रश्न : ताई, मी कोल्हापूरजवळ एका फाउंड्रीत कामाला आहे. सेकंड शिफ्ट सुटली की झोप येईपर्यंत मिलान घेऊन खेळतो. फ्रान्सने तह मोडला. त्यांची फौज आल्प्स उतरून खाली येऊ नये म्हणून मी चार ठिकाणी फोर्ट बांधले आणि प्रत्येकात स्पिअर मिलिशियाचं, म्हणजे भालेवाल्यांचं एकेक युनिट (तुकडी) ठेवलं. चारही फोर्ट एकामागून एक गेले. दोन हजार फ्लोरिन पाण्यात. फोर्ट बांधण्यात काही अर्थ आहे का?*

आहे, आणि भरपूर आहे. पण एका युनिटच्या जिवावर फ्रान्सची अख्खी फौज थोपवायची, ही अपेक्षा त्या लाकडी कुंपणाकडून करता येत नाही. पाचशे फ्लोरिनला फोर्ट तुम्हाला एक टर्न, म्हणजे खेळातली एक पाळी, विकत देतो. त्या टर्नमध्ये मारा करायला जवळपास फौज हवी. तुमच्या पत्रात चार फोर्ट आहेत, बत्तीस ओळी आहेत, पण मैदानात फिरणाऱ्या फौजेचा एका शब्दाने उल्लेख नाही. तुमचं नुकसान तिथे झालंय.

टर्न कसा मिळतो ते नीट बघा. शत्रू फोर्टपाशी आला की आधी वेढा घालतो. त्याच्याजवळ कॅटापल्ट वगैरे दगड फेकणारं यंत्र नसेल तर त्याला त्याच टर्नला आत घुसता येत नाही. दरवाजा फोडायला रॅम, म्हणजे दारावर आदळायचा ओंडका लागतो, आणि तो तयार व्हायला निदान एक टर्न जातो. म्हणजे त्याची पाळी संपते आणि तुमची येते, तेव्हा तो फोर्टच्या दाराशी अडकून बसलेला असतो. कुठे आहे, किती आहे, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर. आता बाहेरच्या फौजेने त्याच्यावर चाल करा. फोर्टमधली शिबंदीसुद्धा त्या लढाईत मदतीला उतरते. समोर तुमचा सरदार, पाठीशी फोर्टमधले भालेवाले, आणि मध्ये सापडलेला फ्रान्सचा सेनापती! या गेममध्ये मला सगळ्यात जास्त आवडणारी लढाई हीच.

म्हणून चार फोर्ट नकोत, एक पुरे. फार तर दोन. जागा निवडण्याची माझी पद्धत सांगते. आपल्या सरदाराला सिलेक्ट करा आणि शत्रूच्या शहरापर्यंतची वाट दाखवायला लावा. जायचं नाही, नुसती वाट बघायची. आल्प्समध्ये बराचसा भाग कुणालाच ओलांडता येत नाही, त्यामुळे वाटेचा बाण फिरून फिरून एखाद्या अरुंद खिंडीतूनच जातो. मिलानच्या बाबतीत उत्तरेला बर्नकडून उतरणारी एक वाट आणि पश्चिमेला मार्सेयहून समुद्राच्या कडेकडेने जेनोआला येणारी दुसरी, या दोन आधी तपासा. खिंडीत फोर्ट बसला की बगल देऊन पुढे जायला जागा उरत नाही, कारण फोर्टमधल्या फौजेचा धाक आजूबाजूच्या जागेवरही चालतो. उघड्या मैदानात हाच फोर्ट निरुपयोगी. शत्रू लांबून वळसा घालतो आणि तुमचे भालेवाले आत बसून बघत राहतात.

खिंडीच्या तोंडावर बांधू नका, थोडं आपल्या बाजूला सरकून बांधा. हे फार जण चुकवतात. फोर्टपासून तुमचं शहर इतकं जवळ हवं की शहरातून निघालेली फौज एकाच टर्नमध्ये वेढ्यापर्यंत पोचेल. दीड टर्नच्या अंतरावरचा फोर्ट म्हणजे आतल्या माणसांना मरायला सोडणं.

आत किती माणसं ठेवायची? एक युनिट कमीच. दोन भालेवाल्यांची आणि दोन क्रॉसबोची, म्हणजे चाप ओढून बाण सोडणाऱ्या धनुर्धाऱ्यांची, एवढं मी ठेवते. मिलानकडे जेनोईज क्रॉसबो आहेत, त्यांचा उपयोग इथे नाही करायचा तर कुठे करायचा? त्याहून जास्त भरायच्या मोहात पडू नका. शहरात काही मिलिशिया युनिटांचा पगार माफ असतो. फोर्टमध्ये त्याच युनिटांचा पगार पुरेपूर मोजावा लागतो. तुमचे चार फोर्ट दर टर्नला किती खात होते त्याचा हिशेब करून बघा. तेवढ्या पैशांत घोडदळाच्या दोन तुकड्या उभ्या राहिल्या असत्या.

मदत पोचायच्या आधीच हल्ला झाला तर लढाई स्वतः खेळा. ऑटो-रिझॉल्व्हवर, म्हणजे निकाल गेमवरच सोडलात की चार युनिटांचा फोर्ट गेलाच समजा. रॅम कुठल्या दरवाज्याकडे येतोय ते बघा आणि त्या दरवाज्याच्या आत भालेवाल्यांना अर्धगोल उभं करा, गार्ड मोड लावून, म्हणजे ते जागा सोडून पाठलागाला धावत नाहीत. पेटते बाण मारणारे तिरंदाज असतील तर त्यांना फक्त रॅमवर सोडा. रॅम पेटला की ढकलणारे तो टाकून देतात. दरवाजा तुटलाच तर घोडेस्वार त्या चिंचोळ्या जागेतून आत येतात आणि भाल्यांवर आपटतात. त्यांचा वेग तिथे संपतो आणि क्रॉसबोचं काम सुरू होतं. तटावरचे मनोरे असलेल्या मोठ्या शहरात लढत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा, आपली माणसं मनोऱ्याजवळ असतील तरच तो बाण टाकतो. मोकळा सोडलेला मनोरा गप्प बसतो.

आणि फोर्टच्या आधी टेहळणीचा बुरूज, म्हणजे वॉचटॉवर. दोनशे फ्लोरिन, त्यात माणूस ठेवावा लागत नाही, पगार नाही. खिंडीच्या पलीकडचं दिसायला लागलं की फ्रान्सची फौज निघाल्याचं आधी कळतं आणि तुमचा सरदार वेळेवर निघतो. तुमच्या जागी मी असते तर बर्नच्या वाटेवर एक फोर्ट, दोन्ही वाटांवर एकेक वॉचटॉवर, आणि मिलान व जेनोआ यांच्या मधोमध चांगल्या सरदाराच्या हाताखाली एक फिरती फौज, एवढ्यावर फ्रान्सला थोपवलं असतं.

*प्रश्न : मी नववीत आहे. मी फोर्ट बांधला, सैन्य बाहेर काढलं आणि पुढच्या टर्नला फोर्ट गायब! गेम बिघडलाय का? आणि कधीकधी फोर्ट बांधायचं बटणच चालत नाही.*

गेम ठीक आहे. मूळ गेममधला फोर्ट लाकडी आणि तात्पुरता असतो. तो रिकामा राहिला की नाहीसा होतो. बाहेर पडताना तुझ्याकडचं सगळ्यात स्वस्त युनिट आत सोडून जा. बटण न चालण्याचं कारण बहुतेक हे असेल की त्या फौजेबरोबर सरदार नाही, नुसता कॅप्टन, म्हणजे साधा तुकडीप्रमुख आहे. फोर्ट आणि वॉचटॉवर दोन्ही बांधायला सरदारच लागतो. २००७ मध्ये 'किंगडम्स' नावाची पुरवणी आली, तिच्यात कायमचे दगडी फोर्ट आहेत. ते नकाशावर आधीपासून असतात आणि रिकामे झाले तरी जागचे हलत नाहीत. ब्रिटनची मोहीम खेळशील तर वेल्सच्या बाजूचे फोर्ट कोणाच्या ताब्यात आहेत यावर डोळा ठेव. एकदा सुटला की तुझाच फोर्ट तुझ्याविरुद्ध वापरला जातो.

*प्रश्न : हंगेरी घेऊन खेळते आहे. मंगोल आले. एकापाठोपाठ पाच-सहा पूर्ण भरलेल्या फौजा दिसताहेत आणि माझ्याकडे दोनच आहेत. सीमेवर फोर्टची रांग लावू का? नागपूरहून लिहितेय, उत्तर लवकर द्या, तोपर्यंत गेम सेव्ह करून ठेवलाय.*

रांग लावू नका. मंगोलांसमोर लाकडी फोर्टची रांग म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी फौज गमावणं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खुद्द हंगेरीच्या इतिहासात आहे, त्यामुळे आधी तेच सांगते.

११ एप्रिल १२४१ रोजी मोहीच्या मैदानात चंगीझखानाचा नातू बातू याच्या मंगोल फौजेने हंगेरीचा राजा चौथा बेला याचा पुरता धुव्वा उडवला. राजा पळत पळत एड्रियाटिकच्या किनाऱ्यापर्यंत गेला. देश उघडा पडला. तेव्हा हंगेरीत दगडी किल्ले थोडेच होते, बाकी सगळी माती आणि लाकूड. ते पटापट पडले. पुढच्या हिवाळ्यात डॅन्यूब गोठली तशी मंगोल नदी ओलांडून एस्टरगोम शहरावर आले. यंत्रांनी दगडांचा मारा करून त्यांनी शहर बेचिराख केलं, पण त्याच शहराचा दगडी बालेकिल्ला त्यांना घेता आला नाही. सिमोन नावाच्या स्पॅनिश सरदाराने तो राखला. पानोनहाल्माचा डोंगरावरचा तटबंद मठही टिकला. मंगोल १२४२ मध्ये परतले, आणि बेलाने उरलेल्या आयुष्यात दगडी किल्ले बांधण्याचा सपाटा लावला. स्वतः बांधले आणि सरदारांनाही जमिनी देऊन बांधायला लावले. बुडाच्या टेकडीवरचा किल्ला त्यातलाच. १२८५ मध्ये मंगोल पुन्हा आले तेव्हा ही तयारी कामी आली. मला या राजाचं फार कौतुक वाटतं. मैदानात इतका मोठा मार खाल्लेला माणूस राज्य कसं राखायचं हे शिकून, पुढे जवळपास तीस वर्षं टिकून राहिला.

आता तुमचा गेम. सगळी फौज दोन ठिकाणी गोळा करा, बुडापेस्ट आणि ब्रान, किंवा तुमच्याकडे दगडी तट असलेल्या ज्या दोन जागा असतील त्या. हातात पैसे असतील तर ते तट वाढवण्यात घाला, नव्या युनिटांवर नको. कॅसल वरच्या पायरीला गेला की तटाच्या आत तट मिळतो. पहिला गेला तरी दुसऱ्याच्या आड पुन्हा उभं राहता येतं.

मंगोलांची सगळी ताकद घोड्यावर आहे. मोकळ्या मैदानात त्यांचे घोडेस्वार तिरंदाज तुमच्याभोवती फिरत राहतात आणि तुमचे सरदार त्यांच्यामागे धावून दमतात. तटासमोर हे सगळं थंडावतं. घोडेस्वार शिडी उचलत नाहीत, रॅम ढकलत नाहीत. ती कामं त्यांच्या पायदळालाच करावी लागतात, आणि ते पायदळ थोडं असतं. म्हणून लढाई सुरू झाली की घोड्यांवर एकही बाण वाया घालवू नका. सगळे तिरंदाज शिड्या आणि रॅम आणणाऱ्या पायदळावर. ती माणसं संपली की बाहेर हजार घोडे उभे असले तरी हल्ला तिथेच खुंटतो. अपवाद एकच, त्यांच्यासोबत तट फोडणारी यंत्रं असतील तर. तसं दिसलं तर लढाई सुरू होताच घोडदळाची एक चपळ तुकडी दुसऱ्या दरवाज्याने बाहेर काढा आणि यंत्रं चालवणाऱ्यांवर घाला. ती तुकडी बहुतेक परत येणार नाही. तेवढी किंमत द्यावी लागते.

लाकडी फोर्टचा इथे एक उपयोग मात्र आहे. पाच-सहा फौजा एकत्र बुडापेस्टवर आल्या तर कठीण. वाटेत, बगल देऊन जायला जागा उरेल अशा ठिकाणी एक फोर्ट बांधून त्यात एक स्वस्त युनिट ठेवा. पुढे असलेली एखादी फौज तिथे थांबते, बाकीच्या पुढे सरकतात, त्यांच्यात अंतर पडतं. मग मागे राहिलेल्या एकीला तुम्ही गाठू शकता.

*प्रश्न : सोन्याच्या खाणीवर फोर्ट बांधून आत दहा व्यापारी बसवले तर सगळ्यांची कमाई मिळते, असं मित्राने दाखवलं. ही लबाडी आहे का?*

मित्राचं बरोबर आहे. एरवी एका मालाच्या जागेवर एकच व्यापारी उभा राहू शकतो, फोर्टमध्ये मात्र पुष्कळ मावतात आणि प्रत्येकाला कमाई मिळते. टिंबक्टूच्या सोन्यावर हे करून लोक गडगंज होतात. गेम परवानगी देतो, तेव्हा तुम्ही एकटे खेळत असाल तर तुम्हाला अडवणारं कोणी नाही. मी मात्र करत नाही आणि करू नका असंच सांगेन. पैशांची चणचण संपली की कुठे फोर्ट बांधायचा आणि कुठे नाही हा प्रश्नच संपतो. त्या प्रश्नासाठीच तर आपण हा गेम खेळतो.

*प्रश्न : नातवामुळे मला हा गेम कळला. मी निवृत्त शिक्षक आहे, पुष्कळ किल्ले पायी पाहिलेले. ताई, आपल्याकडच्या किल्ल्यांचं जे शास्त्र आहे ते या गेमला लागू पडतं का, की हा निव्वळ युरोपचा मामला आहे?*

सर, बांधणीचं शास्त्र फारसं लागू पडत नाही. गेममधल्या फोर्टला पाण्याचं टाकं लागत नाही, अंबारखाना लागत नाही. दाणागोटा किती टर्न पुरेल तो आकडा गेम ठरवतो आणि तो तुम्हाला वाढवता येत नाही. आपण गडावर गेलो की आधी टाकी मोजतो, कारण गड पाण्यावर टिकतो. समुद्राकाठच्या किल्ल्यांचीही तीच गत. वेल्समधला हार्लेक किल्ला १२९४-९५ च्या उठावात जेमतेम ३७ माणसांनी राखला, तो समुद्रमार्गे येणाऱ्या रसदेच्या बळावर. गेममध्ये हे काही नाही, आणि मला त्याची खरोखर उणीव वाटते.

पण किल्ला आणि मैदानातली फौज यांचं जे नातं आहे ते तंतोतंत लागू पडतं. जिंजीचंच घ्या. १६९० मध्ये झुल्फिकारखानाने जिंजीला वेढा घातला, आत राजाराम महाराज. जिंजीचे तट भक्कम होते हे खरंच, पण वेढा इतकी वर्षं लांबला तो बाहेर संताजी-धनाजी होते म्हणून. १६९२ च्या अखेरीस ते मोठी फौज घेऊन कर्नाटकात उतरले. संताजींनी कांचीचा फौजदार अलीमर्दानखान याला पकडलं, मोगलांची रसद तुटली, वेढा घालणाऱ्यांच्याच छावणीत धान्य मिळेना, आणि झुल्फिकारखानाला वेढा उठवून वांदिवाशकडे सरकावं लागलं. किल्ला पडला तो १६९८ मध्ये, आणि तोवर महाराज निसटले होते.

आता उलट उदाहरण, थेट फ्रान्समधलं. इंग्लंडचा राजा रिचर्ड याने नॉर्मंडी राखण्यासाठी सीन नदीवर शातो गाय्यार नावाचा किल्ला बांधला, ११९६ ते ११९८ या दोनच वर्षांत. त्या काळातला अव्वल किल्ला. १२०३ मध्ये फ्रान्सच्या फिलिपने त्याला वेढा घातला तेव्हा रिचर्ड वारला होता आणि गादीवर भाऊ जॉन होता. जॉनने रात्री एक फौज काठाने आणि होड्या नदीतून अशी एकदम मदत पाठवली. पण होड्यांना प्रवाहामुळे उशीर झाला, काठावरची फौज एकटी पडून मार खाऊन परतली, आणि मग होड्याही पिटाळल्या गेल्या. जॉनने पुन्हा तसा जोर केला नाही. डिसेंबरात तो इंग्लंडला निघून गेला. मार्च १२०४ मध्ये किल्ला पडला आणि त्याच उन्हाळ्यात नॉर्मंडीची राजधानी रूआनही गेलं. कोल्हापूरच्या वाचकांचे चार फोर्ट ज्या कारणाने गेले, तेच कारण.

नातवाबरोबर खेळताना तुम्ही फौजेची बाजू सांभाळा, फोर्ट त्याला बांधू द्या. दोघांनाही मजा येईल.

*प्रश्न : फोर्टवर हल्ला झालाच नाही, तरी तो शत्रूचा झाला. असं कसं?*

आत सरदार नसेल, नुसता कॅप्टन असेल, तर शत्रूचा वकील, म्हणजे राजदूत, पैसे देऊन अख्खी शिबंदी फोडू शकतो. सीमेवरच्या फोर्टजवळ परका वकील दोन-तीन टर्न घुटमळताना दिसला तर समजून जा. महत्त्वाच्या फोर्टमध्ये घराण्यातला एक सरदार ठेवा, पण आधी त्याची निष्ठा किती आहे ते बघा, कमी निष्ठेचा सरदार पैसे न घेताही फुटतो. सोबत आपला एक हेर आत ठेवा. शत्रूचा हेर आत शिरला असेल तर तो वेढ्याच्या पहिल्याच टर्नला दरवाजा उघडू शकतो, मग रॅमची वाट बघायची गरजच त्याला उरत नाही. आपला हेर आत असला की परका हेर पकडला जाण्याची शक्यता वाढते. सरदार द्यायला नसेल तर त्या फोर्टवर खर्च करू नका, तेवढं सैन्य शहरात आणा.